दोन ठोक्यांच्या मधली जागा

एक, दोन, तीन, चार असं सावकाश मोजत टेबलावर बोट आपटा. आता प्रत्येक आकड्यानंतर, बोट वर उचललेलं असताना, तोंडानं ‘चक्’ म्हणा. एक-चक्, दोन-चक्, तीन-चक्, चार-चक्. लय जरा वाढवा. पाचसहा आवर्तनांत मान हलायला लागते आणि गंमत म्हणजे ती ठोक्यावर न हलता ‘चक्’वर हलते. स्का संगीताचा सगळा जीव या ‘चक्’मध्ये आहे. गिटारवाला आणि पियानोवाला गाणं संपेपर्यंत तेवढंच वाजवत असतात. पुढे उभे राहून सॅक्सोफोनवाले, ट्रम्पेटवाले टाळ्या घेतात आणि हे दोघे मागे आपलं चक्-चक्-चक्. त्यांनी हात आखडता घेतला, तर पुढच्यांचं सगळं कसब तिथल्या तिथे बसेल.

समेवर मान टाकायची सवय लागलेल्या आपल्या कानांना पहिल्यांदा हे अडखळल्यासारखं वाटतं. आपल्याकडेही गवई समेच्या अलीकडे-पलीकडे येऊन खोड्या काढतात, पण शेवटी समेचा मान राखतात. स्कामध्ये बास चारही मात्रांवर एकेक पाऊल टाकत चालतो, ड्रमवाला जोर देतो तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ज्या पहिल्या मात्रेवर आपण मान टाकायला तयार बसलेलो असतो, तिला कोणी फारसं विचारतच नाही. एकदा त्याची चटक लागली की बाकीचं संगीत काही दिवस जरा जड वाटतं.

हे सगळं जन्मलं जमैकात, किंग्स्टन शहरात, 1950चं दशक सरता सरता. तिथल्या गरीब वस्त्यांमध्ये नाचायला जायचं म्हणजे ‘साउंड सिस्टिम’च्या नाचाला जायचं. कपाटाएवढे स्पीकर, एक अ‍ॅम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेयर, मोकळं अंगण, थोडं प्रवेशमूल्य आणि बिअरची विक्री. वादकांचा ताफा परवडत नव्हता, म्हणून तबकड्या. त्याही अमेरिकन ऱ्हिदम अँड ब्लूजच्या. या धंद्यात दोन मोठी नावं होती. एक ड्यूक रीड, आधी पोलिसात, मग दारूच्या दुकानाचा मालक. नाचाला येताना कमरेला पिस्तूल उघड दिसेल असं लावून यायचा. दुसरा क्लेमेंट डॉड, ज्याला सगळे ‘कॉक्सन’ म्हणत. शाळेत क्रिकेट बरा खेळायचा, म्हणून यॉर्कशरच्या अ‍ॅलेक कॉक्सन या खेळाडूवरून हे नाव पडलं आणि जन्मभर चिकटलं. जमैकाच्या संगीताच्या इतिहासातलं एवढं मोठं नाव एका इंग्लिश क्रिकेटपटूकडून उसनं आणलेलं आहे, याचा मला उगाचच आनंद होतो.

दोघांमधली चुरस अशी की अमेरिकेहून आणलेल्या तबकडीवरचं लेबल खरवडून टाकत. गाणं कोणाचं, कोणत्या कंपनीचं, प्रतिस्पर्ध्याला कळता कामा नये. कॉक्सनकडे सॅक्सोफोनची एक तबकडी होती. तिचं नाव त्यानं स्वतःच ‘कॉक्सन हॉप’ ठेवलं होतं आणि तिच्या जोरावर तो मैदान मारायचा. शेवटी ड्यूक रीडनं तिचं मूळ नाव शोधून काढलं आणि एका रात्री आपल्या स्पीकरवर वाजवली, तेव्हा कॉक्सनला भोवळ आली, असा किस्सा सांगतात. खरा-खोटा कोण जाणे, पण त्या धंद्याचा ताव त्यातून कळतो.

मग अमेरिकेतच हवा बदलली. तिकडची पोरं रॉक अँड रोलकडे वळली आणि किंग्स्टनला हवी तशी डुलती, पियानोवाली गाणी यायची कमी झाली. नाचणारे तर तेच, मागणी तीच. मग काय करणार? कॉक्सन, ड्यूक रीड आणि त्यांच्या पाठोपाठ प्रिन्स बस्टर या मंडळींनी स्थानिक वादक गोळा करून स्वतःच ध्वनिमुद्रण सुरू केलं. आधी नक्कलच होती. मेम्फिसच्या रॉस्को गॉर्डनच्या पियानोत दोन ठोक्यांमध्ये पडणारा आघात आधीपासून होताच, जमैकाच्या मेंटो या लोकसंगीतातही बँजोवाला मधल्या जागेवर तार छेडायचा. किंग्स्टनच्या वादकांनी तोच आघात धरला आणि इतका पुढे आणला की मूळ संगीत मागे पडलं. 6 ऑगस्ट 1962 रोजी जमैका स्वतंत्र झाला, तेव्हा देशाला साजेसं नवं संगीत तयारच होतं.

हे वादक आले कुठून, ही मला या सगळ्यातली सर्वांत आवडती गोष्ट. किंग्स्टनमध्ये ‘अल्फा बॉइज स्कूल’ नावाची कॅथलिक जोगिणींनी चालवलेली संस्था होती. अनाथ, गरीब, घरच्यांना न आवरणारी मुलं तिथं ठेवली जात. शिस्त कडक. हाताला काम म्हणून सुतारकी, छपाई, शिवणकाम आणि त्याच यादीत बँड. ट्रम्पेट धरणं हा रंधा धरण्यासारखाच पोटाचा उद्योग. सिस्टर मेरी इग्नेशियस या जोगिणीनं कित्येक दशकं या बँडची काळजी वाहिली. तिच्याकडे तबकड्यांचा भरपूर संग्रह होता आणि ती मुलांना जॅझ ऐकवायची. टॉमी मकूक, जॉनी ‘डिझी’ मूर, लेस्टर स्टर्लिंग, डॉन ड्रमंड हे सगळे तिथले विद्यार्थी.

इथे मला गोवा आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही चर्चच्या गावशाळांमध्ये पाद्री-मास्तर पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. तीच पोरं पुढे मुंबईत हॉटेलांमध्ये जॅझ वाजवू लागली आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात जाऊन बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, आल्दोनाचा चिक चॉकलेट हे त्यातलेच. प्रार्थनेसाठी शिकवलेलं संगीत नाचासाठी वापरलं गेलं, आणि शिकवणाऱ्यांची त्याला फारशी हरकत असावी असं दिसत नाही.

1964 साली अल्फाचे हे विद्यार्थी आणि इतर काही पट्टीचे वादक एकत्र येऊन ‘स्कॅटलाइट्स’ हा ताफा झाला. स्काचं खरं घराणं हेच. त्यांचं वादन ऐकताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. खाली ‘चक्’ उड्या मारत असतो आणि वर डॉन ड्रमंडचा ट्रॉम्बोन कोमल सुरांत काहीतरी भलतंच उदास सांगत असतो. पाय नाचतात आणि घशात आवंढा येतो, दोन्ही एकाच वेळी. स्काला नुसतं ‘मजेशीर संगीत’ म्हणणाऱ्यांनी ड्रमंड ऐकलेलाच नसतो, असं माझं ठाम मत आहे. त्याची स्वतःची कहाणी भयंकर आहे. मनाचा तोल ढळलेला हा माणूस. 1965च्या सुरुवातीलाच त्याच्या हातून त्याची सोबतीण, मार्गारिटा नावानं गाजलेली नर्तकी, मारली गेली. त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली आणि 1969 साली तो तिथेच वारला. इकडे त्या खुनाच्या पाठोपाठ, 1965मध्येच, स्कॅटलाइट्सही विस्कटले. जेमतेम वर्षभराचा संसार, पण तेवढ्या अवधीत त्यांनी वाजवून ठेवलेलं अजून पुरतं आहे.

1964मध्येच न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जमैकाच्या सरकारनं स्काचं पथक पाठवलं. साथीला कोण? मध्यमवर्गीय, नीटनेटका, बायरन ली यांचा ताफा. स्कॅटलाइट्स घरीच. वस्तीतलं संगीत चालेल, वस्तीतले वादक नकोत; हा हिशेब आपल्यालाही काही अपरिचित नाही. त्याच वर्षी मिली स्मॉल या किशोरवयीन मुलीचं लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकावर गेलं. आणि किंग्स्टनमध्ये बॉब मार्लेच्या ‘वेलर्स’नी, स्कॅटलाइट्सच्याच साथीवर, वस्तीतल्या भांडकुदळ पोरांना ‘जरा थंड घ्या’ असं सांगणारं ‘सिमर डाउन’ गाजवलं. चाल अशी की ज्यांना सांगायचं तीच पोरं आधी नाचायला उठतील.

1966च्या सुमारास लय मंदावली, रॉकस्टेडी आलं, मग रेगे. रेगेनं जग जिंकलं आणि स्का म्हणजे त्याचं बालपण, असं समजायची पद्धत पडली. मला ते पटत नाही. स्काची घाई रेगेत नाही. रेगे निवांत टेकून बसतो, स्काला टेकायला फुरसत नसते.

बालपण असतं तर ते 1979मध्ये इंग्लंडात परत आलं नसतं. मोटारींचे कारखाने ढासळत चाललेल्या कोव्हेंट्रीत जेरी डॅमर्सनं ‘टू टोन’ ही तबकड्यांची कंपनी काढली. काळे-गोरे वादक एका मंचावर, काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी आणि सूट-टोपीतल्या माणसाचं बोधचिन्ह, जे ‘वेलर्स’मधल्या पीटर टॉशच्या जुन्या छायाचित्रावरून काढलेलं होतं. जमैकाहून आलेल्यांची मुलं आणि त्यांच्या शेजारची गोरी मुलं हे वाजवत होती. बाहेर बेकारी, रस्त्यावर वंशद्वेषी टोळ्या. डॅमर्सच्या ‘स्पेशल्स’चं ‘घोस्ट टाउन’ 1981च्या जुलैमध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, तेव्हा तिथल्या शहरांमध्ये दंगली पेटलेल्या होत्या. गाणं बंद पडलेल्या क्लबांबद्दल आणि नसलेल्या नोकऱ्यांबद्दल.

पुढच्या लाटांबद्दल मी थोडक्यात उरकतो. नव्वदीतल्या अमेरिकन पोरांनी त्यात पंक गिटारचा एवढा गोंगाट घातला की ‘चक्’ शोधावा लागतो. टोकियोचा ‘स्का पॅराडाइज ऑर्केस्ट्रा’ 1985पासून दिमाखात सूट घालून वाजवतो आहे, तो जरूर ऐकावा. दिल्लीचे ‘स्का व्हेंजर्स’ही ऐकावेत.

पण सुरुवात करायची तर रिको रॉड्रिग्जपासून करा. हाही अल्फाचाच, ट्रॉम्बोन त्याला तिथं वयानं थोड्या मोठ्या डॉन ड्रमंडनं शिकवला. 1961मध्ये तो इंग्लंडला गेला. 1967 साली लंडनमध्ये डँडी लिव्हिंगस्टनच्या, ‘रूडी’ला म्हणजे वस्तीतल्या टारगट पोराला समजावणाऱ्या, ‘अ मेसेज टू यू, रूडी’ या गाण्यात त्यानं ट्रॉम्बोन वाजवला. बारा वर्षांनी ‘स्पेशल्स’च्या पोरांनी तेच गाणं पुन्हा करायचं ठरवलं, आणि ट्रॉम्बोन वाजवायला पुन्हा रिकोलाच बोलावलं. दोन्ही तबकड्या सहज मिळतात. पाठोपाठ लावा, आणि दुसऱ्या वेळी ट्रॉम्बोनचा मोह आवरून फक्त गिटारकडे कान द्या.