नुसतं ओरडायचंच तर असतं

दादाचं ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये. "यात अ‍ॅक्टिंग कसली आलीय, नुसतं ओरडायचंच तर असतं." एवढं बोलला आणि फोन घेऊन गॅलरीत गेला. वहिनी पण हसली. पिक्चर चालूच होता पण त्यानंतर माझं लक्षच लागलं नाही. लपाछपी, मराठीतला भुताचा पिक्चर, मीच हट्टाने लावला होता, सगळे जमलेत तर एकत्र बघू म्हणून.

तसं बघायला गेलं तर झालं काय? काहीच नाही. भुताच्या पिक्चरला लोक हसतातच, थेटरात तर जास्तच हसतात, मला सवय आहे. पण दादाने म्हणावं? भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांचं पहिलं पुस्तक माझ्या हातात त्यानेच दिलं. लायब्ररीतलं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. लाइट गेले की मेणबत्ती लावून आवाज बदलून बदलून वाचायचा आणि गोष्टीतले भुतांशी लढणारे समर्थ यायच्या बरोबर आधी पुस्तक मिटून म्हणायचा, उरलेलं उद्या. तो हाच माणूस. असो. हल्ली त्याचं काय चाललंय ते मला माहितीये, त्याबद्दल इथे नको.

पण वाईट नक्की कशाचं वाटलं तेच मला कळत नाहीये. पिक्चरला नावं ठेवली म्हणून? ती तर मीही ठेवते. लपाछपीच्या शेवटी शेवटी मागची गोष्ट जी इतकी उलगडून सांगितलीय ती मला नाहीच आवडत, आपल्याकडे प्रेक्षकाला सगळं समजावून सांगायची फार घाई असते, आणि एकदा भुताचं कारण कळलं की माझी तरी अर्धी भीती तिथेच जाते. तेवढं बोलला असता तर मीच हो म्हटलं असतं. पण तो अ‍ॅक्टिंगवर बोलला, आणि ते मला लागलं.

कारण ओरडायला लागायच्या आधीचं काम त्याने बघितलंच नाही ना! पूजा सावंत त्यात आठ महिन्यांची गरोदर आहे, नवऱ्याच्या देण्यांमुळे शहर सोडून उसाच्या फडातल्या त्या घरात आलेली. भीती दाखवायला एरवी अंधार लागतो, इथे लख्ख ऊन आहे. मावशीकडे आम्ही लहानपणी उसात शिरायचो, पाच-दहा पावलं आत गेलं की चारी बाजू सारख्याच दिसतात, पाल्याने हात कापतात आणि पायाखालचं पाचट वाजतं ते आपल्याच पायाचं की मागून कोणी येतंय ते कळत नाही. त्या फडात त्या बाईला पळायचंय, आणि पळताना पोटही सांभाळायचंय. ते वजन तिच्या पावलात दिसतं मला. आणि उषा नाईक! त्या तुळसाबाईचा चेहरा वाईट नाहीये, हेच तर भयंकर आहे. जेव म्हणते, काळजी घे म्हणते, अगदी आपल्यातलीच कोणी काकू वाटते, आणि आवाज फारसा न चढवताच ती बाई बदलत जाते. यात ओरडणं कुठे आहे?

आणि ओरडण्याचंच म्हणाल तर तेही सोपं नसतं. हेरेडिटरी नावाचा इंग्लिश पिक्चर आहे, 2018 चा. त्यात एक मुलगा रात्री गाडी चालवत असताना भयानक काहीतरी घडतं, मागच्या सीटवर बघायची त्याची हिंमत होत नाही, तसाच घरी येतो आणि अंथरुणावर पडून राहतो. सकाळी आई गाडीकडे जाते. कॅमेरा सगळा वेळ मुलाच्या चेहऱ्यावर, आई दिसतच नाही, फक्त तिचं ओरडणं ऐकू येतं. आईचं काम करणाऱ्या टोनी कोलेटचा नुसता आवाज आहे तो, आणि मला पिक्चर थांबवून उठावं लागलं होतं. त्या कामाला ऑस्करचं साधं नॉमिनेशनसुद्धा मिळालं नाही. म्हणजे दादासारखे लोक तिकडेही आहेत.

उर्मिला मातोंडकरचंही तेच. 2003 साली भूत आला तेव्हा हिंदी पिक्चर आणि एकही गाणं नाही, हेच लोकांना नवल. त्यात ती आधी स्वतः आहे आणि मग तिच्या अंगात दुसरी कोणीतरी आहे, आणि दोघींचे डोळे वेगळे आहेत. चेहरा तोच, लेन्स बिन्सची काही गरज नाही. फिल्मफेअरने समीक्षकांचं बक्षीस दिलं तिला, पण आजही कोणाला उर्मिला म्हटलं की रंगीलाच आठवतो. तुंबाड या पिक्चरमधला पांडुरंग करणारा मोहम्मद समद, त्याच पोराने ती साखळदंडातली आजी पण केलीय हे मी सांगते तेव्हा लोक म्हणतात, अरे वा, मेकअप भारी होता. मेकअप! अरे, त्या मेकअपच्या आत एक पोरगं जीव तोडून काम करत होतं की.

लिहिता लिहिता लक्षात येतंय, मला जे आवडतं ते घरात कायम "तुझे ते" असतं. तुझे ते भुताचे पिक्चर. तुझी ती नोकरी. तुझं ते... जाऊ दे. इतकी वर्षं एकाच घरात राहून माझ्या आवडीला पाहुण्यासारखंच वागवतात, आज काय लावलंय बाई असं विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत उठून जातात. काल रात्री याचंच रडू येत होतं.

आज जरा बरं वाटतंय. आई म्हणाली, अगं तो घाबरला म्हणून उठला. नाही, मी त्याचा चेहरा बघितलाय, तो कंटाळला होता. आणि खरं सांगायचं तर त्याचा तरी काय दोष. आम्ही दोघं झी हॉरर शो वर वाढलो, दार कर्रकन वाजणार, मग धाडकन म्युझिक, मग किंकाळी. नव्वद टक्के भुताचे पिक्चर अजून तसेच निघतात, त्या सगळ्यांबद्दल त्याचं म्हणणं बरोबरच आहे. त्याने ते बघून बघून कान बंद केले आणि मी त्यातून चांगलं काय ते शोधत बसले. आवडी अशाच फुटतात बहुतेक. त्याला मेणबत्ती आठवते का विचारणार होते, नाही विचारलं.

सकाळी मेथी निवडता निवडता आईनेच विचारलं, त्या तुळसाबाईचं शेवटी काय झालं गं? काल ती स्वयंपाकघरातून येऊन जाऊन बघत होती म्हणे, ती बाई बोलायला लागली की हात थांबायचा तिचा. मी सगळं सांगितलं, शेवट पण सांगून टाकला, कारण तिला आधी शेवट कळला की मग ती शांतपणे बघते. असेही प्रेक्षक असतात.

रविवारी दोघीच भूत बघणार आहोत. त्यात गाणी किती आहेत म्हणून विचारत होती. एकही नाही म्हटलं, तर म्हणाली बरंय मग, लवकर संपेल.