वय 43, इयत्ता मिडटर्म

रविवारी घड्याळं तासभर मागे गेली, त्यामुळे आज सहाच्या आतच कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये अंधार. ओलोनी कॉलेजच्या चढावर गाडी लावली तेव्हा मागचा मिशन पीक डोंगर पार गुडुप झाला होता.

अकाउंटिंगची दुसरी मिडटर्म! पोटात बारावीला आला होता तोच गोळा.

तशी मी बी.कॉम. आहे, 2003 ची. पण डेबिट-क्रेडिट घरी आजोबांनी शिकवलेलं, किराणा दुकानाच्या खतावणीवर. ‘येईल ते नावे, जाईल ते जमा.’ नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट. वर्गाबाहेर तेच पुटपुटत बसले होते. शेजारचा एकोणीस वर्षांचा पोरगा गोदामातल्या शिफ्टवरून थेट आलेला, अंगात अजून ते चमकणारं जाकीट. म्हणाला, प्रार्थना करताय का? मग त्याला अर्थ सांगितला. इथे ‘नॉर्मल बॅलन्स’चा, म्हणजे कुठलं खातं कुठल्या बाजूला वाढतं याचा, तक्ता पाठ करून घेतात, तो याच्या डोक्यात काही केल्या बसत नव्हता. पलीकडची अफगाण ताईही सरकून ऐकायला आली.

(कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना ओलोनीसारख्या कम्युनिटी कॉलेजात युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) 46 डॉलर फी. म्हणून तर एवढ्या वर्षांनी हिंमत केली. युनिव्हर्सिटीचे आकडे पाहूनच घाम फुटला होता.)

पेपर बरा गेला. घसाऱ्याच्या गणितात मात्र माती खाल्ली बहुतेक.

निघताना पार्किंगमध्ये पलीकडून हाक आली, “नाव्ही! जम्मा!” हात हलवत पोरगं बसस्टॉपकडे पळालं.

घरी आले तर लेक विचारतेय, “आई, किती पडतील?” आता मला कळतंय, मी हा प्रश्न तिला किती वेळा विचारलाय ते.