पाच धुऱ्यांचा तुकडा

नाल्याकाठच्या आमच्या तुकड्याला पाच धुरे, म्हणजे बांध, आहेत आणि एकही दुसऱ्याला काटकोनात भेटत नाही. त्यात नाल्यानं दर पावसाळ्यात कुरतडून एक धुरा मधेच आत ढकललेला. सातबाऱ्यावर मात्र सगळं सरळ: 20 आर.

शेततळं काढायचं ठरलं, 30 बाय 30 मीटरचं. मी कागद घेऊन बसलो. 20 आर म्हणजे 2000 चौरस मीटर. आकार फुगीर असेल, कुठंही आत शिरलेला नसेल, तर त्यात निदान निम्म्या क्षेत्राचा आयत बसतोच, हे भूमितीत सिद्ध झालेलं आहे. (त्रिकोणात तर बरोबर निम्मा, त्याहून तसूभर जास्त नाही.) म्हणजे 1000, अन् आपल्याला हवेत 900. पण आयत म्हणजे चौरस नव्हे आणि आमचा तुकडा फुगीरही नव्हे. चौकोन कुठंही ठेवला तरी त्याचा एक पाय नाल्यात.

बाबा सुतळी आणि चुन्याची फक्की घेऊन आले. "त्या धुऱ्याले काऊन धरून बसला? फिरव नं थोडा!"

फिरवला. कुठल्याच धुऱ्याला समांतर नाही असा तिरपा चौकोन बसला.

आजोबांना खळ्यासाठी सुतळीही लागत नसे. बैल फिरायचे म्हणून खळं गोल, आणि गोलाला फिरवून काही मिळत नाही. शोधायचा तो फक्त तिवड्याचा, म्हणजे मधल्या खांबाचा, खड्डा. एका धुऱ्यापासून ते मागं सरकत जात. दुसरा धुरा तेवढ्याच पावलांवर आला की दोघांच्या मधोमध चालत आणि तिसरा आडवा आला की थांबून मेख ठोकत. कागदावरही सर्वात मोठं वर्तुळ असंच सापडतं. आत शिरलेल्या तुकड्यात मात्र थांबायच्या अशा जागा दोन निघू शकतात, मग दोन्ही मोजाव्या लागतात. आजोबा मोजत की जवळच्या बाभळीच्या सावलीवर ठरवत, कोण जाणे.

सकाळी जेसीबीवाला आला. फक्की बघून म्हणाला, "अन् माती कुठं टाकू, काका?"

तळ्याभोवती मातीची पाळ घालायची, तिची जागा आम्ही धरलीच नव्हती. बाबा माझ्याकडे, मी कागदाकडे. शेवटी 25 बाय 25 वर आलो, पुन्हा सुतळी, पुन्हा फक्की.

तोवर आई चिंचोळ्या कोन्ट्यात उभी राहून सांगत होती, "इकडं माती नोका टाकू. हे माह्या अंबाडीचं हाय."