पारा द्रव आहे, पण कोणत्या तापमानाला?

‘पारा हा द्रव धातू आहे’ हे वाक्य आपण शाळेत पाठ करतो आणि पुढे आयुष्यभर तसेच वापरतो. मला ते नेहमी अपुरे वाटते, कारण त्यात तापमानाचा उल्लेखच नसतो. उणे ३८.८ अंश सेल्सिअसच्या खाली गेलेला पारा गोठतो आणि ठोकून चपटा करता येईल असा घट्ट धातू बनतो. १७५९ सालच्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गच्या कडाक्याच्या थंडीत शास्त्रज्ञ जोसेफ ब्राउन यांनी बर्फ आणि नायट्रिक आम्ल यांच्या मिश्रणात तापमापक ठेवून त्यातील पारा गोठवून दाखवला.

स्थायू धातूतील अणू आपापल्या जागा धरून थरथरत असतात. तापमान वाढते तशी ही थरथर वाढते आणि द्रवणांकाला त्यांची शिस्तबद्ध रचना मोडते. ती मोडत असताना दिलेली सगळी उष्णता त्याच कामी खर्च होते. म्हणून शुद्ध लोखंडाचा शेवटचा कण वितळेपर्यंत तापमान १५३८ अंशांवरच थांबून राहते. हा स्थिरपणा इतका भरवशाचा आहे, की तापमानाच्या १९९० च्या आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीत जस्ताचा ४१९.५२७, चांदीचा ९६१.७८ आणि सोन्याचा १०६४.१८ अंश हे गोठणबिंदू ठरावीक खुणा म्हणून घेतलेले आहेत.

द्रवणांक आणि उत्कलनांक यांचा परस्परांशी ठराविक मेळ नसतो, ही गोष्ट मला या विषयात सर्वांत लक्षणीय वाटते. कथील २३२ अंशांना वितळते, पण उकळण्यासाठी त्याला सुमारे २६०० अंश लागतात. गॅलियम तर तळहातावर ठेवले तरी वितळते, कारण त्याचा द्रवणांक २९.८ अंश आहे; तरीही ते २००० अंशांच्या पुढेही द्रवच असते. वितळताना केवळ अणूंची रचना विस्कटते, त्यांच्यातील बंध बऱ्याच अंशी टिकून असतात. उकळताना मात्र प्रत्येक अणूला इतरांपासून पुरते तोडावे लागते, त्यामुळे बंध खरोखर किती बळकट आहेत हे उत्कलनांकावरून अधिक स्पष्ट कळते.

जस्ताच्या बाबतीत ही दोन तापमाने बरीच जवळ आहेत आणि त्याचा परिणाम धातुकामावर फार मोठा झाला. जस्त ९०७ अंशांना उकळते, तर त्याच्या ऑक्साइडमधून कोळशाच्या साहाय्याने धातू मोकळा करायला त्याहून अधिक तापमान लागते. साहजिकच भट्टीत जस्त तयार होते तेच वाफेच्या रूपात, आणि उघड्या भट्टीत ती वाफ हवेशी संयोग पावून पुन्हा ऑक्साइड बनते. बंद पात्रातून वाफ बाहेर नेऊन थंड करण्याची युक्ती साधल्याशिवाय जस्त हाती लागत नाही. तांबे किंवा लोखंड काढणाऱ्याला ही अडचण कधी येत नाही.

पाऱ्यातील बंध दुबळे असल्यानेच तो साध्या खोलीत द्रव असतो; ते इतके दुबळे का, याचे उत्तर त्याच्या जड अणुकेंद्रात आहे. केंद्राजवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात. इतक्या वेगाला जाणवणाऱ्या, आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या परिणामामुळे बाहेरचे इलेक्ट्रॉनही आत ओढले जातात आणि शेजारच्या अणूंशी बंध जोडायला फारसे उपलब्ध राहत नाहीत.

वायू होण्यासाठी धातूला उकळावेच लागते असेही नाही. सांडलेला पारा साध्या खोलीतही वाफ सोडत राहतो, आणि तो धोकादायक ठरतो तो याच कारणाने. जुन्या दिव्यातील टंगस्टनची तार ३४२२ अंशांच्या द्रवणांकापासून बरीच दूर, म्हणजे पूर्ण स्थायू असते, तरी तिच्यातून अणू निसटतात आणि काच आतून काळवंडते.

शिवाय तापमानाच्या जोडीला दाबही सांगावा लागतो. पृथ्वीचा बाह्य गाभा मुख्यतः द्रव लोखंडाचा आहे. त्याहून अधिक तप्त असलेला, सुमारे ५००० अंश किंवा त्याहून जास्त तापमानाचा आंतरगाभा मात्र स्थायू आहे, कारण तेथे वातावरणाच्या तीस लाखांहून अधिक पट दाब अणूंना जागेवरून हलू देत नाही. पृथ्वी हळूहळू निवत असल्यामुळे या दोहोंच्या सीमेवर द्रव लोखंड आजही गोठत आहे आणि आंतरगाभा वाढत आहे.