गोळी फुकट, डिझेल रोख

माझा भाचा अबुजात असतो, नायजेरियाच्या राजधानीत. हत्तीरोग आणि नदी-अंधत्व (नदीकाठच्या काळ्या माशीमुळे अंगात जंत जाऊन दृष्टी घालवणारा आजार) या दोन आजारांच्या गोळ्या गावोगाव वाटायच्या कामात सरकारला मदत करणाऱ्या एका संस्थेचे हिशेब बघतो. मध्यंतरी त्याने पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची एक्सेल शीट मला पाठवली. "मावशी, तू जन्मभर हेच केलंस. जरा नजर टाक की." सून म्हणाली, आत्ता कुठं सुटलात, परत कशाला त्यात पडताय? पण लेखा शाखेत आयुष्य गेलेल्या बाईपुढे कुणी अंदाजपत्रक ठेवलं तर ती काय करणार. चष्मा लावून बसले.

औषधांच्या ओळीपुढे शून्य आहे, आणि ते बरोबर आहे. नदी-अंधत्वासाठीचं आयव्हरमेक्टिन मर्क ही अमेरिकन कंपनी 1987 पासून फुकट देते, लागेल तितकं आणि लागेल तोवर, अशा बोलीवर. जिथे नदी-अंधत्व आणि हत्तीरोग दोन्ही आहेत अशा आफ्रिकी देशांत हत्तीरोगासाठीही ते 1998 पासून मिळू लागलं. सोबतची अल्बेंडाझोलची गोळी जीएसके ही ब्रिटिश कंपनी देते. (पाण्यातून येणाऱ्या बिल्हार्झियाची गोळी देणारी मर्क वेगळी, ती जर्मनीतली. भाच्याने दोघींना एकाच रकान्यात घातलं होतं, मी वेगळं केलं.) पेपरात बातमी येते ती या दानाची, कारण आकडा अब्जांत असतो. शून्याच्या खालच्या ओळी कुणी छापत नाही. मला मात्र त्याच वाचायच्या होत्या.

पहिली ओळ, बंदरावरून माल सोडवणे. फुकटच्या औषधालाही कस्टमची माफी लागते, तिचा कागद वेळेत आला नाही तर गोदामभाडं चढतं. मग ट्रक, जिल्ह्याचं गोदाम, तिथून मोटारसायकल. वाटप करणाऱ्यांचं प्रशिक्षण, रजिस्टरं, रेडिओवरची जाहिरात, गोळी सोसली नाही तर बघायला डॉक्टर. आणि एक ओळ नुसती 'काठ्या'. ही वाचून मला बरं वाटलं, कारण ज्याने ती लिहिली त्याने वाटप डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आपल्या सोलापूर जिल्ह्याचं नाव हत्तीरोगाच्या जिल्ह्यांच्या यादीत आहे, त्यामुळे गोळ्यावाटप इथल्या लोकांना नवं नाही. आपल्याकडे डीईसी ही हत्तीरोगाची गोळी वयावर देतात. दोन ते पाच वर्षांच्या पोराला एक, चौदापर्यंत दोन, वर तीन. नदी-अंधत्वाच्या मुलखात डीईसी चालत नाही. अंगात त्या आजाराचे जंत असले तर त्वचेवर आणि डोळ्यांवर भयंकर परिणाम होतो. म्हणून तिथे आयव्हरमेक्टिन, आणि तेही उंचीवर. खेड्यात वजनकाटा कुठून आणणार? खुणा केलेली काठी उभी करायची, माणूस शेजारी उभा करायचा, डोकं ज्या खुणेला लागेल तितक्या गोळ्या. नव्वद सेंटिमीटरच्या आतलं पोर असेल तर गोळी नाही. काठी नसली तर त्या गावात लाखाचं औषध असून नसल्यासारखं. इथला कुठलाही ऑडिटर विचारेल, औषधाच्या कार्यक्रमात काठ्यांचं बिल कसलं?

ऑडिटरचा विषय निघालाच आहे तर सांगते. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंत दिवसा रक्तात सापडत नाहीत. रात्री साडेआठच्या पुढे बारापर्यंत बोटातून थेंब घेतला तर काचेवर दिसतात. म्हणून रात्रीची पथकं असतात. एकदा हौसेने मीही गेले होते, सोलापूर शहराच्या पूर्व भागात. आठचा भोंगा कधीच होऊन गेलेला, घराघरात जेवणं आटपून बायका सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत बसलेल्या. एकीने हात पुढे केला तो तंबाखूने माखलेला. कर्मचाऱ्याने स्पिरिटचा बोळा एकदा फिरवला, दोनदा फिरवला, बोळा तपकिरीच. तिसऱ्या बोळ्याला बोट स्वच्छ झालं. एका माणसाला एक बोळा या हिशेबाने खरेदी मंजूर केलेली होती, आणि ती मंजूर करणारे कुणीच कधी विडी कामगाराचं बोट पुसलेलं नव्हतं. ती बाई तेलुगूत काहीतरी म्हणाली. कर्मचारी हसला आणि सांगितलं, "विचारतीय, दिवसभर कुठं होतात?"

त्याच पथकाच्या डिझेलवर पुढच्या वर्षी आक्षेप निघाला. कार्यालयीन वेळेनंतर शासकीय वाहन वापरल्याचे कारण स्पष्ट करावे. आमच्या एका कनिष्ठ सहायकाने अनुपालनात लिहिलं, "सदर जंतू कार्यालयीन वेळेत उपलब्ध होत नसल्याने." साहेबांनी सही केली नाही, पण फाईल चार टेबलांवर फिरली आणि सगळ्यांनी वाचली.

तर, गोळी फुकट मिळते आणि डिझेल रोखीने घ्यावं लागतं, एवढी ही गोष्ट. गोळी घशाखाली उतरवायचा खर्च आफ्रिकेत माणशी साधारण अर्धा डॉलर, कधी त्याहूनही कमी. रक्कम इतकी लहान आहे की त्यासाठी भांडायला कुणाला वेळ नसतो. शिवाय ती एका ठिकाणी नसते, शंभर व्हाउचरांत विखुरलेली असते. मोठी रक्कम अडली तर मंत्र्याला फोन जातो. तसलमात (कामासाठी दिलेली आगाऊ रक्कम) अडली तर वाटप पुढे ढकललं जातं, बस्स. आणि औषधाला मुदत असते.

वेळेची गंमत तर विचारूच नका. नायजेरियाचं आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर. अमेरिकेचं ऑक्टोबर ते सप्टेंबर. ब्रिटनचं आपल्यासारखंच एप्रिलपासून. केनिया, युगांडाचं जुलै ते जून, आणि इथिओपिया स्वतःच्या पंचांगाप्रमाणे 8 जुलैला वर्ष उघडतो. जागतिक आरोग्य संघटनेकडे गोळ्यांची मागणी कित्येक महिने आधी नोंदवावी लागते. या सगळ्यात पाऊस कुणालाच विचारत नाही. रस्ते उघडे असतात तेव्हा पैसे वाटेत, पैसे पोचतात तेव्हा गाडी चिखलात. आपल्याकडे 31 मार्चच्या रात्री कोषागारात बिलं टाकायला ज्यांनी रांग लावली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. भाचा म्हणाला, "राज्याचा हिस्सा बजेटमध्ये दाखवलाय मावशी, पण रिलीज नाही." मी म्हटलं, आमच्याकडे याला तरतूद आहे, बीडीएसवर (निधीवाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर) पैसे नाहीत असं म्हणतात. साडेसात हजार किलोमीटरवर तोच आजार.

त्याच्या शीटमध्ये मला सगळ्यात खटकलं ते इंधन. मे 2023 मध्ये नायजेरियाच्या नव्या अध्यक्षांनी, टिनुबूंनी, पेट्रोलचं अनुदान काढलं आणि भाव एकदम तिपटीच्या घरात गेला. लगेच जूनमध्ये तिथलं चलन, नायरा, मोकळं सोडलं, ते घसरत गेलं. आता हिशेब बघा. परदेशी देणगीदाराचा पैसा डॉलरमध्ये, म्हणून त्याचे नायरा जास्त मिळाले, महागाई बरीचशी भरून निघाली. राज्य सरकारचा हिस्सा नायरातच, म्हणून तेवढ्याच रकमेत मोटारसायकल पूर्वीच्या एक तृतीयांश गावांपर्यंत. म्हणजे सरकार कागदावर पूर्वीइतकंच देतं आहे आणि तरी कार्यक्रमातला त्याचा वाटा आपोआप आटला. परकीय मदतीवरचं अवलंबित्व असंही वाढतं, कुणीही कुठलाही निर्णय न घेता.

आणि मग मदत थांबते. 2021 मध्ये ब्रिटनने परकीय मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आणली आणि या आजारांवरचा आपला मोठा कार्यक्रम अर्ध्यात गुंडाळला. अमेरिकेची परदेशी मदत देणारी सरकारी संस्था यूएसएड 2006 पासून या कामात होती, अलीकडे वर्षाला दहा कोटी डॉलरच्या वर खर्च करत होती. जानेवारी 2025 मध्ये तिचे व्यवहार गोठवले आणि जुलैत संस्थाच बंद झाली. गोळ्या देणाऱ्या कंपन्यांनी गोळ्या थांबवल्या नाहीत. थांबलं ते काठी, डिझेल आणि भत्ता. भाच्याच्या माहितीतल्या लोकांच्या नोकऱ्या एका ईमेलवर गेल्या.

यावर इथे बसून अमेरिकेला शिव्या घालणं सोपं आहे. पण 2001 साली याच अबुजात आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी एकत्र येऊन सरकारी खर्चाचे 15 टक्के आरोग्यावर टाकू असं जाहीर केलं होतं. बहुतेक देश तिथवर पोचले नाहीत. आपण तरी कुठे मोठे लागून गेलोय म्हणा. पण एक फरक आहे. आपल्या हत्तीरोगाला स्वतःचं लेखाशीर्ष आहे. केंद्राचे साठ, राज्याचे चाळीस, उशिरा येवोत, कापून येवोत, पण येतात. कुणी परदेशात निवडणूक हरलं म्हणून सोलापुरातली पथकं बसून राहिली नाहीत. लेखाशीर्ष म्हणजे सरकारने आपल्या वहीत आजाराचं नाव घालणं. एकदा घातलं की ते खोडायला कुणाला तरी सही करावी लागते.

देणगीचा पैसाही धड वापरता येतो, आणि त्याचा सगळ्यात चांगला नमुना आफ्रिकेतलाच. 1974 मध्ये जागतिक बँकेचे अध्यक्ष मॅकनमारा यांच्या पुढाकाराने पश्चिम आफ्रिकेत नदी-अंधत्वाविरुद्ध मोहीम सुरू झाली, आधी सात देश, पुढे अकरा. वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या काळ्या माशीच्या अळ्या मारायला हेलिकॉप्टरमधून नद्यांवर फवारणी. माझं लक्ष हेलिकॉप्टरकडे गेलं नाही. माणसाच्या अंगातला हा जंत पंधरा वर्षांपर्यंत जगतो. म्हणजे फवारणी निदान तितकी वर्षं टिकली पाहिजे, मधे एक वर्ष तुटलं तर मागचं सगळं पाण्यात. म्हणून देणगीदारांकडून पैसे वर्षाच्या बोलीवर घेतलेच नाहीत, सहा-सहा वर्षांच्या टप्प्यांनी बांधून घेतले. 2002 पर्यंत एकूण साधारण 55 कोटी डॉलर लागले, संरक्षण मिळालेल्या माणसामागे वर्षाला एक डॉलरहून कमी. अंधत्वाच्या भीतीने ओस पडलेली अडीच कोटी हेक्टर नदीकाठची जमीन परत कसायला मिळाली. त्या पहिल्या सात देशांतला नायजर जानेवारी 2025 मध्ये नदी-अंधत्वातून मुक्त जाहीर झाला, आफ्रिकेतला पहिला देश. ज्या महिन्यात मदत गोठली, त्याच महिन्यात. ही तारीख बघून मी जरा वेळ थांबले.

भाच्याला मी एक ओळ ठळक करून दिली, 'वाटप थांबल्यानंतरचे सर्वेक्षण'. हत्तीरोगात पाच-सहा फेऱ्या नीट झाल्या की सहा-सात वर्षांच्या मुलांचं रक्त पट्टीवर तपासतात. पास झाले तर गोळ्या बंद, पण दोन-तीन वर्षांनी परत तपासणी, पुन्हा परत. आता वित्त विभागातल्या माणसाला सांगा, आजार संपला आहे आणि म्हणून पैसे द्या. तो काय उत्तर देईल ते मला पाठ आहे.

आणि दरडोई खर्चाचा भागाकार त्याने दाखवू नये, हेही बजावलं. हा भागाकार शेवटी शेवटी दगा देतो. माझ्या आजीच्या पोटरीतून नारूचा लांब जंत निघाला होता, मंगळवेढ्याकडे. रोज थोडा काडीला गुंडाळायचा, ओढला तर तुटतो. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरायचे, तिथून तो यायचा. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये सापडला, 2000 मध्ये देश नारूमुक्त ठरला. जगात 1986 च्या सुमाराला वर्षाला पस्तीस लाख रुग्ण होते, जिमी कार्टर यांच्या संस्थेने पाठपुरावा केला आणि 2024 मध्ये पंधरा उरले, चाड आणि दक्षिण सुदानमध्ये. चाडमध्ये तो कुत्र्यांतही सापडतो, म्हणून कुत्री बांधून ठेवायचा खर्च, खबर देणाऱ्याला बक्षीस. सगळा खर्च पंधराने भागला तर कुठलाही वित्त सचिव फाईल फेकून देईल. तरी तोच पैसा सगळ्यात नीट लागलेला आहे.

बाकी किरकोळ. टी-शर्ट आणि टोप्या निम्म्या केल्या, गावातल्या वाटप करणाऱ्यांचा प्रवासभत्ता वाढवला. ही माणसं गावाने निवडलेली, बहुतेक बिनपगारी. आपल्या आशाताईंना निदान मोबदल्याचा दर तरी ठरलेला असतो.

एका गोष्टीवर आमचं अजून जमलेलं नाही. ज्यांचे पाय आधीच सुजलेले आहेत, त्यांची सूज गोळीने उतरत नाही. त्यांना रोज पाय धुवायला बादली, मग, साबण, टॉवेल आणि मलम लागतं, आणि ते शिकवायला कुणीतरी लागतं. या रुग्णांची सोय दाखवल्याशिवाय देशाला हत्तीरोगमुक्त म्हणूनही घेता येत नाही. भाच्याने बादल्या 'इतर' मध्ये टाकल्या होत्या. मी म्हटलं, बाळा, काटायची वेळ आली की पेन आधी 'इतर' वर जातं, काढ तिथून. तो म्हणतो देणगीदाराच्या नमुन्यात बादल्यांना रकाना नाही. मी म्हणते मग देणगीदाराकडे मागूच नको, राज्याच्या अंदाजपत्रकात लेखाशीर्ष उघडून घ्या, पहिल्या वर्षी अगदी नाममात्र रक्कम का असेना, पुढे वाढवता येते. तो म्हणतो ते विधानसभेत जावं लागेल, प्रस्ताव वर्षाच्या उत्तरार्धात घेतात, आमचे संचालक तयार होणार नाहीत. संचालकांना पाठवायची टिप्पणी मी मराठीत लिहून दिली आहे, इंग्रजी त्याचं त्याने करावं.