भुरी, डोंगा आणि बारा फूट पाणी

आमच्याकडे कोणी बुडलं की पोलीस पाटील एक फोन ठाण्यात लावतात आणि तसेच आमच्या अंगणात येऊन उभे राहतात. बाबूजींनी तोवर बनियन उतरवलेली असते. आम्ही ढिवर, मासेमारी करणारी जात. पवनी तालुक्यात, वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. बाबूजींनी आजवर वैनगंगेतून किती प्रेतं काढली ते त्यांनी कधी मोजलं नाही, आणि कोणी विचारलं तर उठून गोठ्यात जातात. माझं चौकात झेरॉक्स-रिचार्जचं दुकान आहे, पण बुडी मारायला मीही जातो. या कामाला नाही म्हणता येत नाही.

लोकांना वाटतं नदीत बुडी मारली की खालचं दिसतं. काही दिसत नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून आमच्याकडे येतं. फुगवट्यात जलपर्णी माजली आहे. पावसाळ्यात तर डोळ्यासमोर धरलेला स्वतःचा हात दिसत नाही. कमरेला दोर बांधायचा, दुसरं टोक डोंग्यातल्या माणसाकडे द्यायचं आणि तळ हातांनी चाचपत पुढे सरकायचं. रेती, दगड, लाकूड, कोणाचं तरी तुटलेलं जाळं. जाळ्याची भीती सगळ्यात जास्त. त्यात रेती उपशाने नदीत जागोजागी खड्डे झालेत. गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्या पावलाला दोन पुरुष खोल जातो. आंघोळीला आलेली पोट्टे अशीच जातात.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गावचा एक माणूस गेला. बैल धुवायला उतरला होता. आम्ही दोन दिवस गळ टाकले, जाळं ओढलं, बुड्या मारल्या. नागपूरहून रबरी बोट घेऊन पथक आलं. थंडीच्या पाण्यात प्रेत लवकर वर येत नाही. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत पोटात वायू धरतो आणि ते फुगून तरंगतं, थंडीत आठवडा लागू शकतो. घरच्यांना हे कोण सांगणार? त्याची आई काठावर मांडी घालून बसली होती, तिसऱ्या दिवशीही तिथेच. चौथ्या दिवशी प्रेत आपोआप वर आलं, आम्ही शोधत होतो त्याच्या पार खाली, जलपर्णीच्या कडेला.

त्या पथकातला एक जवान आमच्या ओसरीवर चहा पिताना सहज बोलला की बाहेरच्या देशांत अशा वेळी बोटीच्या टोकावर कुत्रा बसवतात. मला आधी गंमत वाटली. मग दुकानात रात्री गिऱ्हाईक नसताना वाचत बसलो.

यात दोन कामांची लोक गल्लत करतात. एक, जिवंत माणसाला पाण्यातून ओढून आणणारे कुत्रे. इटलीत 1989 पासून त्याची शाळाच आहे, तिथले न्यूफाउंडलंड जातीचे कुत्रे हेलिकॉप्टरमधून समुद्रात उड्या मारतात. बोटांमध्ये पडदे, अंगावर जाड झिपरी लोकर. असा कुत्रा आमच्या मे महिन्यात उभा केला तर आधी त्यालाच सलाइन लावावी लागेल. दुसरं काम वेगळं. माणूस गेलेला आहे, खाली कुठेतरी आहे, आणि बुडी मारणाऱ्याला सांगायचं की इथे मार.

आपल्या एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, 45 जणांच्या पथकात श्वानपथक असतंच. 2023 मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात त्यांच्या ज्युली नावाच्या कुत्रीने ढिगाऱ्याखालची सहा वर्षांची मुलगी दाखवून दिली, ते बहुतेकांना आठवत असेल. पण तो जिवंत माणसाचा वास. मेलेल्याचा वास वेगळा, त्याचं शिक्षण वेगळं. 2025 मध्ये आपल्या शेजारच्या तेलंगणात श्रीशैलम डाव्या कालव्याचा (एसएलबीसी) बोगदा खचून आठ जण अडकले, तेव्हा केरळ पोलिसांचे त्या शिक्षणाचे कुत्रे बोलावले होते. आत नुसता चिखल आणि पाणी. त्यांनी दाखवलेल्या जागी खोदकाम झालं.

आता खरी गोष्ट. पाण्याखालच्या प्रेताचा वास कुत्र्याला वर येतो कसा? शरीरातून वायूचे बारीक बुडबुडे सुटतात, तेलकट द्रव सुटतो. पाण्यापेक्षा हलकं असल्याने ते वर चढतं. चढता चढता धार त्याला तिरकं ओढून नेते. वर आलं की वारा उचलतो. म्हणजे कुत्रा जिथे भुंकतो, पाण्यावर तोंड मारतो किंवा पाणी चाटायला लागतो, तिथे प्रेत बहुतेक नसतं. धारेने एकदा फसवलेलं असतं, वाऱ्याने दुसऱ्यांदा. म्हणून कुत्रे नेणारे ते लोक वाऱ्याच्या खालच्या बाजूने नागमोडी बोट नेतात, कुत्रा बोलला तिथे खूण टाकतात, दुसऱ्या दिशेने पुन्हा येतात, जमलं तर दुसरा कुत्रा आणतात आणि त्याला आधीची खूण कळू देत नाहीत. मग धारेच्या वर सरकून पाणबुड्याला उतरवतात.

हे मी बाबूजींना समजावून सांगितलं. ते जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग कुत्र्यानं का सांगतलं? धार तर आपल्यालेच पाहा लागते."

मला ते लागलं, पण बरोबर होतं.

आमच्याकडे भुरी आहे. गावठी, चार वर्षांची, रंगावरून नाव. पिल्लू असल्यापासून डोंग्याच्या टोकावर बसते कारण तिथे मासे लवकर मिळतात. मी ठरवलं, करून पाहू. मे महिना होता. प्लंबरकडून चार इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा आणला, त्याला ड्रिलने भोकं पाडून घेतली, चिकन सेंटरमधून टाकाऊ माल आणून आत भरला, दोन्ही तोंडं बंद केली आणि दगड बांधून गावच्या मामा तलावात (माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना तलाव) सोडला. बारा फूट पाणी. (बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ड्रिलवाल्यानेही पुन्हा ड्रिल दिली नाही.) कोंबडीचा वास म्हणजे माणसाचा वास नव्हे, हे मला कळतं. भुरीला मी शोधाच्या कामाला लावणार नव्हतो. मला फक्त पाण्यातून वास कसा चालतो ते तिच्या नाकाने बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. हलका वारा, पश्चिमेचा. वल्हं मी मारत होतो. इथे डोंग्याचा एक फायदा कळला. मोटर बोटीला पेट्रोलचा धूर असतो, वारा मागून आला की तो सरळ कुत्र्याच्या नाकात. डोंग्याला कसला धूर? भुरी नेहमीसारखी टोकावर पाय रोवून बसली होती. पाइपच्या पूर्वेला, म्हणजे वाऱ्याच्या खाली, पंचवीसेक पावलांवर तिची मान एकदम वळली. उठली. शेपूट ताठ. मग पुढच्या दोन पायांवर वाकून पाण्याला जीभ लावली, वर पाहिलं, परत लावली. भुरी तलावाचं पाणी कधी पीत नाही, घरच्या मडक्याखालच्या घमेल्यातलंच पिते. कुत्र्याच्या टाळूत वास-चवीचं एक जास्तीचं इंद्रिय असतं असं वाचलं होतं. ते काम करताना मी पहिल्यांदा पाहिलं. अंगावर काटा आला, खोटं का सांगू.

मी जोशात दुपारी पुन्हा नेलं. काहीच नाही. भुरी डोंग्यात आडवी झाली, जीभ बाहेर, पाइपच्या बरोबर वर नेलं तरी ढिम्म. वारा पडलेला, ऊन डोक्यावर. आणि पाणी. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्याचा वरचा थर तापतो, खालचा गार राहतो, दोन्ही लवकर मिसळत नाहीत आणि वास मध्येच अडकू शकतो. बुडी मारणाऱ्याला हे वाचावं लागत नाही, छातीला कळतं. बाबूजी त्याला "वर चहा, खाली रांजन" म्हणतात. संध्याकाळी वारा सुटला तशी भुरी पुन्हा बोलली, यावेळी भलत्याच बाजूला, शिंगाड्याच्या वेलांपाशी. वास वेलांत जाऊन साचला असावा. नाहीतर तिथे एखादी मेलेली मासोळी असेल. कुत्रीला विचारता येत नाही.

मग नदीत करायचं ठरलं. पाइप काकाजींनी सोडला, जागा मला सांगितली नाही. खुणेला प्लास्टिकची बाटली बांधतो म्हणाले आणि रात्री ती कोणीतरी तोडून नेली. म्हणजे आता काकाजींनाही नक्की सांगता येईना. सकाळी बाबूजी स्वतः आले, न बोलावता. भुरीने एका जागी जीभ लावली. मी तिथे बांबू रोवला. दुसऱ्या काठाकडून आलो, ती चार हात अलीकडे उठली. तिथे दुसरा बांबू. मी उडी मारणार तोच बाबूजी म्हणाले, "थांब ना बा."

ते उथळावर कमरेएवढ्या पाण्यात उतरले. काठावरचं पळसाचं वाळलेलं पान पाण्यावर ठेवलं आणि ते कुठे जातं ते बघत राहिले. पान आधी सरळ गेलं, मग एका जागी हळूच डावीकडे वळलं. "तेथी खड्डा आहे रेतीचा. पानी तेथून फिरते." बांबूपासून वीसेक पावलं वर, आणि मी धरली असती त्या रेषेच्या पार बाजूला. वरून पाहिलं तर पाणी सगळीकडे सारखंच दिसत होतं. त्यांनी कुत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ते नाकानं आली अर्ध्यात. आता तू जा."

पहिल्या बुडीत रेती. दुसऱ्या बुडीत लाकडाचा ओंडका, त्याला गुंडाळलेलं जाळं, तिथून मी झटकन वर आलो. तिसऱ्या बुडीत खड्ड्याच्या उतारावर हाताला गोल, गुळगुळीत काहीतरी लागलं आणि बोटं भोकांत गेली.

वर आणल्यावर तो वास डोंग्यात कोणालाच सहन झाला नाही. काकाजी नाक धरून उलट्या बाजूला तोंड करून बसले. मी तीनदा रेतीने हात घासले, घरी जाऊन साबण लावला, लिंबू लावला. भुरी मात्र दिवसभर माझ्या उजव्या हाताच्या मागे होती. दुकानात झेरॉक्स काढताना काउंटरखाली बसून पुन्हा पुन्हा बोटं हुंगत होती.