अपील म्हणजे सुटका नव्हे

शौचालय अनुदानाच्या अपहारात शिक्षा झालेल्या एका निवृत्त ग्रामसेवकाचं अपील सध्या माझ्याकडे आहे. प्रत्येक लाभार्थ्याचे १२ हजार, कागदावर खोट्या सह्या. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४०९ (लोकसेवकाने केलेला विश्वासघात), ४२० (फसवणूक), ४६७ (बनावट दस्तऐवज) खाली तीन वर्षं सक्तमजुरी दिली. खटल्यात ते जामिनावर होते आणि शिक्षा तीन वर्षांपुढे नव्हती, म्हणून त्याच कोर्टाने अपिलाच्या मुदतीपुरती ती स्थगित केली. सत्र न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात, उच्च न्यायालयात ६०.

मुलाने विचारलं, "म्हणजे बाबा सुटले ना, वकीलसाहेब?"

नाही. थांबली ती शिक्षेची अंमलबजावणी. दोषसिद्धी, म्हणजे दोषी ठरवणारा निकाल, जागेवरच आहे. तिला स्थगिती हवी तर वेगळा अर्ज लागतो, आणि लोकसेवकाच्या भ्रष्टाचारात ती सहसा देऊ नये असं सर्वोच्च न्यायालयाने के. सी. सरीन प्रकरणात २००१ सालीच बजावलंय. मला ते पटतं.

दुसरी भीती, अपील केलं तर शिक्षा वाढेल का? आरोपीच्या अपिलात सत्र न्यायालय ती वाढवू शकत नाही. त्यासाठी सरकारला स्वतंत्र अपील करावं लागतं. ही भीती अनेकांची मुदत खाते, म्हणून ठळकपणे सांगतो.

प्रोबेशन मात्र मिळणार नाही. ४०९ आणि ४६७ ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची वाट बंद. उरतं वय, आजारपण, पूर्वी गुन्हा नसणं आणि भरलेली रक्कम. पैसे भरल्याने गुन्हा पुसला जात नाही, पण शिक्षा ठरवताना त्याला वजन असतं. ते निकालानंतर नव्हे, खटला चालू असतानाच भरले तर जास्त.

आमच्या खानदेशात जळगावचं घरकुल घोटाळ्याचं प्रकरण सगळ्यांच्या तोंडी असतं. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी धरलं, माजी मंत्री सुरेश जैन यांना ७ वर्षं आणि १०० कोटी दंड. तिथून अपील थेट उच्च न्यायालयात गेलं. ग्रामसेवकाच्या घरचे तीच तुलना करून म्हणतात, "आमची रक्कम किती छोटी!" हा मुद्दा मी अपिलात घेतलेला नाही. ज्या बायकांच्या नावावर पैसे उचलले, त्यांच्यासाठी ते १२ हजार छोटे नव्हते. सह्यांचा पुरावा कच्चा आहे, हस्ताक्षरतज्ज्ञ तपासलाच नाही. लढायचं तर त्यावर.